गावच्या खर्चाने फाट्यावर कॅमेरा लावला तर वेगाचं चलन निघेल का?

वाटसरू
राज्य महामार्गावर गावचा फाटा. रस्ता दोन पदरी, एका अंगाला शाळा, समोर एसटीचा थांबा. गाड्या सत्तर-ऐंशीच्या खाली येतच नाहीत. महामार्ग पोलिसांची गाडी स्पीडगन घेऊन उभी राहिली की तेवढ्यापुरत्या हळू होतात. आता ग्रामपंचायतीत लोकवर्गणीतून नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे घ्यायचं चाललंय. विक्रेता म्हणतो, वेग मोजून चलन थेट मालकाच्या मोबाइलवर जाईल. हे कायद्यात बसतं का? नसेल तर तोच पैसा कशावर खर्चावा?

कलम ११२
चलन निघणार नाही. ठराव व्हायच्या आत विक्रेत्याकडून हा दावा लेखी मागा.

इलेक्ट्रॉनिक पाळतीची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६अ मध्ये आहे आणि तपशील केंद्रीय नियम १६७अ मध्ये, ऑगस्ट २०२१ पासून. त्यानुसार यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचं मंजुरीपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलकही लावावा लागतो. चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. नोटीस १५ दिवसांत जायला हवी. शिवाय १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडारला वैधमापन विभागाची (वजन-मापं तपासणारं खातं) पडताळणी आणि शिक्का लागतो. यातलं काहीच ग्रामपंचायतीच्या हातात नाही.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे वेगमर्यादा. फाट्यावर ४० चा फलक आहे का, आणि त्यामागे कलम ११२ खालची अधिसूचना आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अधिसूचनेशिवाय कुणीतरी रंगवून लावलेला आकडा असेल, तर पोलिसांनी केलेली कारवाईसुद्धा कोर्टात लंगडी पडते.

अर्ज जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे करा, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मागणी एकाच पानात मांडा: वेगमर्यादेची अधिसूचना, फलक, आणि महामार्ग पोलिसांची शाळेच्या वेळेतली तपासणी. जोडीला पोलीस ठाण्यातून मागच्या ३ वर्षांच्या अपघातांची यादी. ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, अशी ब्लॅकस्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, ढोबळ व्याख्या आहे. आपसांत मिटवलेले अपघात यात धरले जात नाहीत, आणि खरा घोळ इथेच होतो. जखमीला दवाखान्यात नेलं की पोलिसांत नोंदही करा.

दोन फ्रेम
कायद्याचं वर आलंच आहे. तांत्रिकदृष्ट्याही साधा सीसीटीव्ही यासाठी कुचकामी आहे. ताशी ८० ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर सरकते. रात्री कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात प्लेट ४४ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे नुसता फराटा. शटर १/१००० करून इन्फ्रारेड दिवा लावला तरच अक्षरं वाचता येतात. शिवाय रुंदीला १९२० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ७ मीटरचा पूर्ण रस्ता घेतला, तर अर्धा मीटरच्या प्लेटला जेमतेम १३७ पिक्सेल मिळतात. त्याहून जास्त रुंद दृश्य घेऊ नका.

मात्र अर्जासाठी आकडे गोळा करायला साधा मोबाइल पुरतो. रस्त्याकडेला २० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा, आडव्या बाजूने व्हिडिओ घ्या आणि गाडीने हे अंतर किती फ्रेममध्ये कापलं ते मोजा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ८० च्या वेगाला साधारण साडेबावीस फ्रेम लागतात. एका फ्रेमची चूक म्हणजे ४-५ टक्क्यांचा फरक. चूक कमी करायची तर खुणा ४० मीटरवर न्या. शंभरेक गाड्या मोजा, वेग चढत्या क्रमाने लिहा आणि ८५ वा आकडा बघा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो. अभियंते सरासरीपेक्षा हाच आकडा विचारतात.

खर्च करायचाच असेल तर वेग दाखवणारा सौर फलक घ्या. सरासरी १० वॉट धरले तर दिवसाला २४० वॉट-तास लागतात. पावसाळ्यात अडीच तासांचं ऊन धरून पॅनेल १५० वॉटचं हवं. दोन दिवस ढगाळ गेले तरी चालावा म्हणून १२ व्होल्टची ८० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी लागेल. विक्रेते ४० वॉटचं पॅनेल खपवतात आणि जुलैत फलक बंद पडतो. फलकातल्या रडारचा गाडीच्या दिशेशी कोन १५ अंशांच्या आत ठेवा. त्या कोनात यंत्र ८० ला ७७ दाखवतं, कोन वाढला की आणखी कमी. आणि ७० च्या वर आकडा न दाखवता फक्त ‘हळू’ लिहून येईल अशी सोय मागा, नाहीतर पोरं मोठा आकडा काढायला बाइक पळवतात.

वाटसरू
फलक शाळेपासून किती अलीकडे लावायचा? आणि लोक म्हणतात, सरळ गतिरोधकच टाका.

साईडपट्टी
ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगाने येणाऱ्याला थांबायला, दीड सेकंद प्रतिसादाचा धरून, ९५ मीटरच्या आसपास लागतात. म्हणून फलक दोन्हीकडून निदान १५० मीटर अलीकडे. खांब रस्त्याच्या हद्दीत येतो, तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी आधी घ्या.

रातोरात डांबराचा ढीग टाकू नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तोही ताशी २५ ने ओलांडण्यासाठी. महामार्गावर ८० च्या वेगात तो अचानक पुढे आला की दुचाकीवर मागे बसलेली बाई आधी पडते. मुख्य रस्त्यावर पुढे धोका असल्याचा फलक, आडवे जाड पट्टे आणि शाळेसमोर झेब्रा पट्टे मागा. गतिरोधक गावातून येणाऱ्या जोडरस्त्यावर, महामार्गाला मिळण्याच्या थोडा आधी.

एसटीचा थांबा शाळेच्या अगदी समोर असेल तर तो ५०-६० मीटर पुढे सरकवायचा अर्ज आगाराकडे द्या. थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडणारं मूल मागून येणाऱ्या गाडीवाल्याला दिसतच नाही, मग त्याचा वेग ४० असला तरी.