शफलबॉटम आडनावावरून इंग्लंडमधलं गाव शोधता येईल का?

प्रश्न: नवऱ्याच्या आईकडचे पूर्वज इंग्लंडमधले शेतमजूर, आडनाव शफलबॉटम, १८४१ च्या जनगणनेपर्यंत पोचले पण त्यात जन्माचं गावच नाही, फक्त त्याच काउंटीत जन्म झाला का एवढंच लिहिलंय. पुढे काय करू?

उत्तर १: ताई आधी १८५१ ची जनगणना बघा, त्यात जन्माचा पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतला परिसर) लिहिलेला असतो. आणि आडनाव दुर्मिळ आहे हे तुमचं नशीबच, स्मिथ असतं तर वर्षं गेली असती! हे आडनाव लँकेशर काउंटीतल्या बरी या गावाजवळच्या एका जागेवरून आलंय, बॉटम म्हणजे दरीचा खोलगट तळ.

उत्तर २: स्पेलिंगवर अडून बसू नका हां. शेतमजुरांना बहुतेक लिहिता यायचं नाही, पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, त्यामुळे शिपरबॉटम, शफलबॉथम सगळं शोधा. १८३७ च्या आधी सरकारी जन्मनोंद नाही, तेव्हा चर्चची रजिस्टरं, ती १५३८ पासून सुरू होतात पण सगळीकडची टिकलेली नाहीत. फ्रीरेग (FreeREG) या वेबसाइटवर त्यातल्या बऱ्याच नोंदी फुकट शोधता येतात.

प्रश्नकर्ती: शिपरबॉटम मी शोधलंच नव्हतं! आजच बसते.