मदत हवी आहे : लिस्बन, चार दिवस, चौघं आणि पाठीवर एकेक सॅक

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या शेवटी आम्ही चौघं लिस्बनला चाललोय. गुरुवारी २३ तारखेला सकाळी पोचतो, रविवारी २६ ला रात्री उशिरा परतीचं विमान आहे. तिकिटं स्वस्तातली, त्यामुळे प्रत्येकी एकच सॅक, तीही सीटखाली मावेल एवढी. राहायला बायशा भागातल्या हॉस्टेलमध्ये चार बंकची एक खोली घेतली आहे. आम्ही चौघं जर्मनीत एकत्र शिकलो. आता दोघांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या गावी सुरू होतील आणि असं एकत्र भटकणं पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही. म्हणून हा प्रवास नीट व्हावा असं फार वाटतंय.

मी वसईची. लहानपणी सुट्टीत सायकली घेऊन किल्ल्यात जायचो. छप्पर उडालेली चर्चं, नुसत्या उभ्या कमानी, भेगांतून फुटलेले पिंपळ, पायाखाली झिजलेले कबरींचे दगड. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली, एवढं शाळेत शिकलो. पण ज्यांनी हा एवढा दगड रचला त्यांचं स्वतःचं गाव कसं असेल, हे तेव्हापासून डोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी लिस्बनच्या कार्मो मठाचा फोटो पाहिला. आकाशाखाली उघड्या कमानी, खाली गवत. क्षणभर मला तो वसईचाच वाटला. तो मठ १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात पडला आणि नंतर त्यावर पुन्हा छप्पर चढलंच नाही, हे मागाहून वाचलं. तिथे उभं राहायचंय, हे माझं पक्कं आहे.

बाकीच्यांचं असं. फोंड्याच्या मैत्रिणीचे आजोबा गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात आग्वादच्या तुरुंगात होते. ते मोहन रानड्यांबद्दल नेहमी सांगायचे. १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात १९६९ पर्यंत अडकून पडले. तिला ती जागा बघायची आहे. आजोबा आता नाहीत. ती फारसं बोलत नाही, पण या प्रवासात तिचं एवढं एकच मागणं आहे.

नागपूरचा मित्र पक्का शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. त्याला सिन्त्राचे राजवाडे आणि समुद्र हवाय. कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या गुडघ्याच्या लिगामेंटची गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर ती आमच्याही पुढे चालते, पण उताराच्या पायऱ्या त्रास देतात. आणि हे शहर म्हणे सात टेकड्यांचं.

आता नेमकं विचारते. काशियासला जाता येतं का, आणि तिथे काही बघायला मिळतं का? सिन्त्रा आणि समुद्राकाठचं कश्काइश दोन्हीसाठी एकेक दिवस दिला तर शहराला दोनच दिवस उरतात, तर यातलं काय सोडावं? अल्फामाची जुनी, चढउताराची वस्ती आणि वरचा किल्ला गुडघा सांभाळून कसा करावा? मित्राच्या जेवणाचं काय? आणि लिस्बोआ कार्ड (प्रवास आणि प्रवेश एकत्र देणारं पर्यटक कार्ड) घ्यावं की सुटी तिकिटं परवडतात? चौघांचं मन राखणारा आराखडा मी तीनदा मांडला आणि तीनदा खोडला. जाऊन आलेल्यांनी कृपया मदत करा.

प्रतिसाद १

मी लिस्बनमध्ये तीन वर्षं नोकरी केली. आधी गुडघ्याचं बोलते, कारण तो प्रश्न सुटतो.

बायशा सपाट आहे. भूकंपानंतर राजाचा मंत्री पोम्बालचा मार्किस याने तो भाग सरळ रेषेत नव्याने बांधून घेतला, त्यामुळे तिथे काही त्रास नाही. तिथून शियादूला चढायचं असेल तर रस्त्याने जाऊच नका. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा, सरकत्या जिन्यांनी वर जा आणि वरच्या दाराने बाहेर पडा. कार्मो तिथून पाच मिनिटांवर. सांता जुस्ताची १९०२ ची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण रांग लांब असते. ती खालून बघा आणि वरच्या गच्चीवर कार्मोच्या बाजूने चालत जा.

किल्ल्यासाठी रुआ दुश फांकेरुशवर एका इमारतीत फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते. थोडं पुढे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, ती थेट किल्ल्याच्या उताराजवळ नेते. नाहीतर फिगेरा चौकातून ७३७ नंबरची बस किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. परत येतानाही तीच बस धरा, अल्फामाच्या पायऱ्या उतरू नका. अल्फामा बघायचाच तर पोर्तास दो सोलपासून सांता लुझियाच्या सज्जापर्यंतचा तुकडा करा. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांची दोन चित्रं आहेत. एकात ११४७ मध्ये किल्ला जिंकल्याचा प्रसंग, दुसऱ्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक. ते दुसरं चित्र चुकवू नका, तो चौक आता तसा उरलेला नाही.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. तिथले पदपथ छोट्या चुनखडीच्या दगडांचे, हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. एप्रिलमध्ये पाऊस पडतो आणि मग ते साबण लावल्यासारखे होतात. मैत्रिणीला चालण्याची काठी घ्यायला लावा.

२८ नंबरची ट्राम मार्तिं मुनिशपासून सुटते. सकाळी लवकर तिथूनच बसा. मधल्या थांब्यावर उभ्याने चढलात तर पाकीटमारांची सोय होते. सॅक पोटावर घ्या. माझा फोन त्याच ट्राममध्ये गेला, तेव्हा हे कळकळीने सांगते.

प्रतिसाद २

तारखा नीट बघितल्यात का? २५ एप्रिल! तुम्ही शनिवारी तिथे असणार आहात आणि तो त्यांचा मुक्तीचा दिवस आहे.

१९७४ मध्ये याच तारखेला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट उलथली. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने सैनिकांना लाल कार्नेशनची फुलं वाटली, ती त्यांनी बंदुकांच्या नळ्यांत खोवली. पंतप्रधान काएतानो ज्या बराकीत लपला होता ती कार्मोच्याच चौकात, तुमच्या त्या मठाला लागून. तिथेच त्याने शरणागती दिली. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून काशियासचे राजकीय कैदी सुटायला लागले. रानडे आधीच, जानेवारी १९६९ मध्ये सुटले होते. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडक्यांनी जिवापाड खटपट केली होती.

फोंड्याच्या मैत्रिणीला हेही सांगा की गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते ही राजवट गेल्यावरच. तो करार ३१ डिसेंबर १९७४ चा. म्हणजे तिच्या आजोबांना ज्यांनी डांबलं, त्यांच्याच देशातल्या माणसांनी त्याच राजवटीविरुद्ध तुरुंग भोगले. दुपारी आव्हेनिदा दा लिबेर्दादवरून मोठी मिरवणूक निघते. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या हातात लाल फुलं. मी दोन वर्षांपूर्वी होतो. शेजारच्या आजीबाईंनी मी कुठला विचारलं, भारत म्हटल्यावर आपल्या हातातलं फूल काढून दिलं. त्या दिवशी सिन्त्राला अजिबात जाऊ नका. सुट्टीमुळे तिथे पाय ठेवायला जागा नसेल, आणि इथे काय चुकवलंत ते नंतर कळेल.

काशियासबद्दल: तो तुरुंग आजही तुरुंग म्हणूनच चालू आहे, आत जाता येत नाही. स्टेशनाजवळ समुद्रकाठी साओ ब्रुनोचा छोटा किल्ला दिसतो, त्याला तुरुंग समजू नका. तुरुंग वर टेकडीवर आहे. पण काइश दो सोद्रेहून कश्काइशला जाणारी लोकल काशियासवरूनच जाते. म्हणजे समुद्र आणि ती जागा एकाच गाडीने होतात. मठ आणि मनोऱ्याचा बेलें भागही त्याच मार्गावर आहे.

खरं बघायचं ते आल्जुब संग्रहालय, मोठ्या कॅथेड्रलच्या शेजारी. तीही राजकीय कैद्यांचीच जागा होती. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या अंधाऱ्या कोठड्या आहेत, आणि वसाहतींमधल्या लढ्यांचीही मांडणी आहे. दोन तास हाताशी ठेवा आणि त्यानंतर लगेच दुसरं काही ठेवू नका. आम्ही बाहेर येऊन नुसते बसून होतो.

धागालेखिका

तारीख खरंच लक्षात आली नव्हती. मी फोंड्याच्या मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, शनिवारी फुलं घ्यायची आणि रविवारी काशियासच्या स्टेशनावर उतरून ठेवायची. आत जाता आलं नाही तरी चालेल.

म्हणजे कश्काइशची लोकल रविवारी ठरली. दोघांनाही मनापासून धन्यवाद. जेवणाचं आणि बेलेंचं अजून कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

जेवणाचं मी सांगतो, मीही अंडं न खाणाराच. तिथे शाकाहारी म्हटलं तरी सूपमध्ये चोरीसूचा (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा) काप येतो, म्हणून 'साईं कार्ने, साईं पेइशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत असं सुटं सुटं सांगायचं. काल्दो व्हेर्दे हे हिरव्या पाल्याचं सूप मस्त, पण त्यातही तो काप असतो, आधीच नको म्हणा. पाश्तेल दे नाता (कस्टर्ड भरलेली छोटी गोड पेस्ट्री) सगळे खातील, त्यात अंडं असतं, मित्राला आधी सांगून ठेवा. टेबलावर न मागता ऑलिव्ह आणि पाव आणून ठेवतात. खाल्लं तर पैसे लागतात, नको असेल तर सरळ परत द्या.

मार्तिं मुनिशच्या मागे मोरारिया भागात भारतीय आणि बांगलादेशी खानावळी, वाणसामानाची दुकानं भरपूर आहेत. पण एक जेवण लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात कराच. तिथे मंदिराचं शाकाहारी उपाहारगृह आहे. हा समाज मुख्यतः गुजराती, बऱ्याच जणांची मुळं दीवची, आणि कितीतरी घरं मोझांबिकमार्गे लिस्बनला आलेली. काकांनी गुजरातीत विचारपूस केली, मी मोडकंतोडकं उत्तर दिलं, ताटात आणखी एक रोटली पडली.

आणि गंमत म्हणजे साध्या कॅफेच्या काचेत 'शामुसा' दिसेल, तो आपला समोसाच. बहुतेक वेळा आत खिमा असतो, एवढं लक्षात ठेवा. बाकी पाटी वाचताना पाव, बटाटा, चावी, कोबी, अननस हे सगळे शब्द भेटत राहतात. कुणीतरी घरचं हाक मारतंय असं वाटतं.

प्रतिसाद ४

बेलेंला अर्धा दिवस पुरे. जेरोनिमुश मठाचं अंगण तिकिटाचं आहे, चर्चमध्ये शिरायला तिकीट नाही. दारातून शिरताच वास्को द गामाची कबर. हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथल्या चर्चमध्ये पुरला गेला, मग हाडं पोर्तुगालला नेली आणि १८८० मध्ये या मठात आणली.

मग बेलेंच्या मनोऱ्याकडे चालत जा. दुरुस्तीचं काम चालू आहे का ते आधी बघा. आत जायची गरज नाही, बाहेरून एका बुरुजाखाली दगडी गेंड्याचं डोकं शोधा. पाऊसवाऱ्याने झिजलंय, पण ओळखू येतं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला होता, त्याने तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूररने न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं प्रसिद्ध चित्र कोरलं. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि तो बिचारा साखळदंडासकट गेला. मला त्या गेंड्याचं फार वाईट वाटतं.

वसईच्या तुम्ही, म्हणून आणखी दोन ठिकाणं. साओ रोके हे जेझुइटांचं चर्च बाहेरून अगदी साधं, आत डोळे दिपतात. तिथल्या सॅक्रिस्टीत (पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत) फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका आहे, भारतातले प्रसंगही आहेत. आणि रोसिऊजवळचं साओ दोमिंगुश. ते १९५९ च्या आगीत जळलं, आणि डागडुजी करताना जळके, तडकलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. वसईच्या भिंती आवडणाऱ्याला हे चर्च कळेल.

कार्डाचं: तुम्ही सिन्त्रा, कश्काइश आणि जेरोनिमुश करणार असाल तर ४८ तासांचं लिस्बोआ कार्ड शुक्रवारी सकाळी सुरू करा. बाकी वेळ बस-मेट्रोचं ५० सेंटचं नव्हेगांते कार्ड घेऊन त्यात पैसे भरा. प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकावर चौघं जात नाहीत.

धागालेखिका

आता आराखडा बसला. गुरुवारी कार्मो, साओ रोके, साओ दोमिंगुश, रात्री जमलं तर फादो, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं. शुक्रवारी पहिल्या गाडीने सिन्त्रा. तिथल्या पेना राजवाड्याचं वेळ ठरलेलं तिकीट मित्राने काढलं, आणि गुडघ्यासाठी स्टेशनावरून ४३४ ची बस. शनिवारी सकाळी लिफ्टने किल्ला, मग आल्जुब, दुपारी मिरवणूक. रविवारी बेलें, काशियास, कश्काइश. कार्ड ४८ तासांत रविवार सकाळपर्यंतच चालेल, म्हणून जेरोनिमुशचं अंगण सोडून फक्त चर्च बघू. लुमियारचं जेवण गुरुवारी दुपारी, विमानतळावरून तडक तिकडेच जाऊ.

एकच राहिलं. रविवारी हॉस्टेल सोडल्यावर चार सॅक दिवसभर कुठे ठेवायच्या?

प्रतिसाद १

हॉस्टेललाच विचारा, बहुतेक ठिकाणी सामानाची खोली असते. नाहीतर रोसिऊ स्टेशनात लॉकर आहेत. आणि कार्नेशन शनिवारी सकाळीच घेऊन ठेवा, रविवारसाठीची वेगळी. रात्री देठ ओल्या रुमालात गुंडाळून ठेवलेत तर टिकतील.