गल्लीत पाच मजली उभं राहायलंय, महापालिका म्हणते नियम सरकारचा. मग शहराच्या हातात नेमकं काय?

प्रश्न (जुनी_कॉलनी):
मराठवाड्यातल्याच एका महापालिका शहरात राहतो. सगळी बैठी घरं, फार तर वर एक मजला. शेजारचा बंगला पाडून आता पार्किंग अधिक चार मजले उठायलेत. ऑफिसात विचारलं तर म्हणले युडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावली मध्ये बसतंय, आम्ही नाही म्हणू शकत नाही. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, ड्रेनेजची लाईन तीच जुनी. बांधू नका असं माझं म्हणणं नाही पण आमच्या गावात किती माणूस मावतं हे मंत्रालयात बसून कसं ठरतं?

प्लॅनवाला:
दादा, 2020 च्या डिसेंबरात राज्यानं मुंबई आणि काही भाग सोडून सगळ्यांना एकच नियमावली लावली. त्याआधी शहरागणिक वेगळं होतं. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात कलम 37 (1एए) आहे, त्यानं सरकार स्वतःहून नियम बदलू शकतं, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात पण शेवटचा शब्द सरकारचा.
आता कामाचं ऐका. खेळ सगळा रस्त्याच्या रुंदीवर आहे. 9 मीटरच्या आतला रस्ता असंल तर बेसिक 1.10 एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या 1.10 पट बांधकाम. प्रीमियम (सरकारला पैसे भरून जादा) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. 9 झाला की महापालिका हद्दीत एकदम 2.00 पर्यंत, वर जिना, बाल्कनी असल्यासाठी पैसे भरून त्याच्या 60 टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे 3.20 झालं की. आपल्याकडच्या जुन्या लेआउटात 30 फुटी रस्ते लई, आणि 30 फूट म्हणजे 9.14 मीटर. म्हणून तर बिल्डर तिथंच घुसायलेत, 25 फुटी गल्लीत कोणी विचारत नाही. आधी मंजूर लेआउटची नक्कल काढा.

किरायेदार_लातूर:
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. क्लासेससाठी दरसाल किती लेकरं लातूरला येतात, ती राहणार कुठं? पाच मजली नको म्हणलं की माणूस परत जात नाही, गावाच्या कडेला गुंठ्यावर प्लॉट घेतो, ना रस्ता ना नाली. मग असली बांधकामं नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा, आणि 2021 मध्ये मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. त्यापेक्षा गावात वर वाढलेलं बरं. पाण्याचं मात्र तुमचं खरंय, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं शहर, ते आठवलं की पोटात गोळा येतो. मजले वाढवायची परवानगी वरून येती अन पाईप बदलायचं काम महापालिकेच्या गळ्यात, त्यासाठी पैसाही वरूनच यायला पाहिजे ना.

बीडचा_परदेशी:
मी कॅलिफोर्नियात असतो. इथं एसबी 9 नावाचा कायदा 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला, एकाच घराच्या प्लॉटवर दोन घरं बांधता येतात, प्लॉटही तोडता येतो. श्रीमंत गावं इतकी बिथरली की वुडसाइडनं अख्खं गाव पहाडी सिंहाचं अधिवासक्षेत्र आहे म्हणून अर्ज घेणंच थांबवलं, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी फटकारल्यावर माघार. पण इथं झोनिंग, म्हणजे कुठं काय अन किती बांधायचं ते, आधीपासून गावाच्या हातात होतं अन राज्य त्यात शिरलं. आपल्याकडं डीपी (शहराचा विकास आराखडा) मंजूर करणारं सरकारच. 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या परिशिष्टात पहिलाच विषय नगर नियोजन टाकला, पण ते द्यायचं किती हे राज्याच्या मर्जीवर.

प्लॅनवाला:
एक राहिलं. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 नं रस्त्याची रेषा, म्हणजे रस्ता कुठपर्यंत धरायचा ते, आयुक्त ठरवतात. 6 मीटरची गल्ली 9 करायची का, हे गावातच ठरतं आणि त्यावरच पुढचे मजले. पुण्यात 2020 ला यावरून केवढा वाद झाला. रस्ता रुंद करायची नोटीस निघाली की हरकत लेखी द्या, नुसतं तोंडी भांडून काय होत नाही.

जुनी_कॉलनी:
लेआउटची नक्कल मागतो. टेप लावून बघितलं तर मधी एका घराचा ओटा बाहेर आलाय, तिथं 9 भरत नाही. ते मोजतात का?

प्लॅनवाला:
नाही, मंजूर रुंदी धरतात. ओटा अतिक्रमणात गेला.