मदत हवी आहे: डायोड लेसरने पायावर चौकोनी डाग उठतायत, सेटिंग तेच आहे

खारघर_से12: हेअर रिडक्शनचं डायोड मशीन आहे. सध्या पायांवर चौकोनी तपकिरी डाग उठतायत. दोन क्लायंटना झालं, एकीला बारीक फोडही आले. सेटिंग नेहमीचं, जेल नेहमीचं. इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. शनिवार फुल बुक आहे. जूल किती कमी करू तेवढंच सांगा, प्लीज लवकर.

सर्व्हिसवाला_रबाळे: "नेहमीचं" म्हणजे किती ते आम्हाला कसं कळणार? वेव्हलेंग्थ, जूल (झोताची एनर्जी), पल्स विड्थ (एक झोत किती वेळ)? हँडपीस, म्हणजे हातात धरायचा भाग, एकेका जागी टेकवून शिक्के मारता की सरकवत नेता? डाग पूर्ण टिपएवढा (त्वचेला टेकणाऱ्या गार काचेएवढा) आहे की एका कडेलाच? कडेला रेघ असेल तर हँडपीस तिरका धरला जातोय, टिप त्या बाजूने उचलली जाते आणि तिथे थंडावा पोचत नाही. मधेच ठिपका भाजला असेल तर काचेला जळका केस चिकटलाय. पूर्ण चौकोन असेल तर मामला वेगळा.

घोडबंदरकर: डायोड काढून टाका आणि लाँग पल्स एनडी याग (दुसऱ्या प्रकारचा लेसर) घ्या. आपल्याकडे बहुतेक त्वचा फिट्झपॅट्रिक 4-5, म्हणजे रंगाच्या मोजपट्टीवर सावळी. त्याची 1064 नॅनोमीटर वेव्हलेंग्थ मेलॅनिनमध्ये (त्वचेच्या रंगद्रव्यात) कमी शोषलं जातं, वरची कातडी वाचते. ठाण्यात अजून लोक 808 नॅनोमीटरच्या डायोडवर का अडकलेत कळत नाही.

खारघर_से12: मशीन विकायचा सल्ला मागितलेला नाही. 808, 18 जूल, 30 मिलीसेकंद, शिक्के. डाग पूर्ण चौकोन.

त्वचा_नेरुळ: सावळ्या त्वचेला 30 मिलीसेकंद आखूड आहे. एपिडर्मिस (वरची कातडी) साधारण 3 ते 10 मिलीसेकंदांत उष्णता सोडते, जाड केसाचं मूळ 40 ते 100. पल्स लांबवली की कातडीला निवायला वेळ मिळतो आणि मूळ तापतच राहतं. म्हणून नुसते जूल उतरवू नका, आधी पल्स वाढवा. पण तेच सेटिंग आजवर चाललं असेल तर बदललंय दुसरंच काही.
आणि फोड आलेली क्लायंट डॉक्टरांनी पाहिली का? फोड फोडायचे नाहीत, पेट्रोलियम जेली, घासणं-स्क्रब बंद, ऊन बंद, कातडी भरल्यावर एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन. स्टिरॉइड क्रीम लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. डाग घालवायचं क्रीम ओल्या जखमेवर अजिबात नको.

खारघर_से12: डॉक्टर मॅडम बाहेरगावी आहेत. फोटो पाठवलेत.

त्वचा_नेरुळ: मग शनिवारी मशीन चालवतंय कोण? हे क्लास 4, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातलं लेसर आहे.

कोपरीची_मावशी: गालावरच्या वांगाला लेसर करून घ्यावं का? कोरफडीने फरक पडत नाही.

त्वचा_नेरुळ: मावशी, वांग उष्णतेने भडकतो. आधी सनस्क्रीन आणि क्रीम, लेसर सगळ्यात शेवटी. वेगळा धागा काढा.

घोडबंदरकर: एनडी यागवर हे डाग आलेच नसते.

सर्व्हिसवाला_रबाळे: थंडावा गेला तर तोही भाजतो. शिवाय जास्त दुखतो आणि बारीक केसांवर कमी चालतो. ताई, सेशनमध्ये डाग नक्की कधी पडतात? सुरुवातीला की नंतर?

खारघर_से12: दोघींना दुसऱ्या पायावरच. पहिला पाय स्वच्छ. त्याने काय फरक पडतो?

सर्व्हिसवाला_रबाळे: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मशीन गार असताना ठीक आणि तापल्यावर भाजतं, म्हणजे पाण्याचा फ्लो कमी झालाय किंवा चिलर (पाणी गार करणारा भाग) दमलाय. लेसर स्टँडबायवर ठेवा, कूलिंग चालू, टिपला थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार टेकवा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक नको, चकचकीत भागावर खोटा आकडा देते. रिडिंग मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. मग सर्व्हिस स्क्रीनवर फ्लो बघा. तो कमी असेल तर मेन स्विच बंद करून फिल्टर बघा. मागची जाळी धुळीने बसलीय का, मशीन भिंतीला चिकटवलंय का, तेही. पाणी कधी बदललं होतं?

खारघर_से12: फिल्टर हिरवट, चिकट आहे. बॅटरीचं पाणी टाकू का? समोरच पंपावर मिळतं.

घोडबंदरकर: ॲसिड टाकणार का आता?

पामबीच_इलेक्ट्रिकल: बॅटरीचं पाणी म्हणजे ॲसिड नव्हे, डिमिनरलाइज्ड पाणी असतं. पण सुटा कॅन कशाने भरलाय देव जाणे. मायक्रोचॅनल बारमध्ये (लेसर तयार करणाऱ्या, आत बारीक नळ्या असलेल्या पट्टीत) पाणी वीज वाहणाऱ्या धातूला लागून फिरतं, पाण्यात क्षार असतील तर आतून गंजतं. लॅब केमिकलवाल्यांकडून सीलबंद डीआय (क्षार काढलेलं शुद्ध) पाणी घ्या आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) मोजा.
अजून एक, घाई म्हणून चिलरचं तापमान आणखी खाली ओढू नका. पावसाळ्यात नवी मुंबईतल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं ते) 25 अंशांच्या आसपास असतो. खोली एसीने कोरडी नसेल तर हँडपीसच्या आत दव धरतं आणि डायोड जातो. स्टॅबिलायझर कोणता आहे?

खारघर_से12: स्टॅबिलायझर आहे. फिल्टर आणि पाणी आजच बदलते. मग शनिवार करू ना?

सर्व्हिसवाला_रबाळे: नाही. आधी शेवाळ धुवा. जुनं पाणी पूर्ण काढून डीआय पाणी फिरवा, तेही काढा, मग नवा फिल्टर आणि नवं पाणी. लाइनमध्ये हवा अडकू देऊ नका. नंतर लेसर पॉवर मीटरवर मोजून घ्या, आतून गरम झालेला बार कमी-जास्त एनर्जी देतो. हे काम इंजिनिअरचं.

त्वचा_नेरुळ: आणि त्यानंतरही आधी टेस्ट पॅच, तोही मॅडम आल्यावर. निदान 48 तास थांबा. सावळ्या त्वचेवर डाग आठवड्या-दोन आठवड्यांनीही उमटतो, तेव्हा जितकं जास्त थांबाल तितकं बरं. पाच-दहा मिनिटांत केसांच्या मुळाशी हलकी सूज आणि लाली आली तर ठीक. कातडी राखाडी पडली की तिथेच थांबायचं. बधिर करणारं क्रीम पूर्ण पायाला फासू नका. ते जास्त जागेवर लावलं तर अंगात भिनतं, शिवाय भाजताना क्लायंट ओरडत नाही. गॉगल 808 चा आणि ओडी 5 चा (ओडी म्हणजे प्रकाश अडवण्याची क्षमता) आहे ना, दांडीवर बघा.

खारघर_से12: दांडीवर 532 लिहिलंय. टॅटूच्या मशीनबरोबर आला होता.

त्वचा_नेरुळ: तो 808 ला निरुपयोगी आहे. नवे गॉगल येईपर्यंत मशीनची किल्ली काढून ठेवा.

कोपरीची_मावशी: वांगाचा धागा कुठे काढायचा?