'शेप रिकव्हरी अंडर लोड'ला मराठीत काय म्हणावं?

नितिनॉलवरच्या (तापवलं की ठरलेल्या आकारात परतणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) मजकुरात हे वारंवार येतंय. 'भाराखाली मूळ आकारात येणे' चालेल का? की सरळ 'स्थितिस्थापकता' म्हणावं?

— स्थितिस्थापकता अजिबात नको. स्प्रिंग पूर्ववत होते ती भार काढल्यावर. इथे भार टांगलेलाच असतो आणि तार तो उचलते. ०.२५ मिमी जाडीची, २०० मिमी लांब तार घ्या, खाली साधारण ८५० ग्रॅम वजन, म्हणजे प्रतिबल (तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळामागे येणारं बल) १७० मेगापास्कलच्या आसपास. गार तार मार्टेन्साइट (थंडपणी असणारी, सहज ताणली जाणारी स्फटिकरचना) असते, वजनाने ताणली जाते. सुमारे एक अँपिअर प्रवाह सोडला की तापून ऑस्टेनाइट (गरमपणीची ताठ रचना) होते आणि वजन ६ ते ८ मिमी वर ओढते. प्रवाह बंद केला की पुन्हा खाली. वजनच नसेल तर गार झाल्यावर तार आपणहून लांबत नाही. नवखे इथेच फसतात आणि तार खराब निघाली म्हणतात.

— 'मूळ आकार' मलाही खटकतो. भार असताना ऑस्टेनाइटसुद्धा थोडं ताणलेलं असतंच, शिवाय तापण्या-गार होण्याच्या दर आवर्तनाला थोडी विकृती (ताणामुळे लांबीत पडलेला फरक) कायमची मागे राहते. भार फार वाढवला तर ती झपाट्याने साचते. मी 'भारासकट विकृती भरून निघणे' लिहीन. 'भरून निघणे'त थोडं राहून गेलं तरी चालतं.

— तापमानाचंही लिहा. साधारण ६-७ मेगापास्कलला एक अंश या हिशेबाने रूपांतराचं तापमान चढतं. भाराविना ७० अंशांना आखडणाऱ्या तारेला १७० मेगापास्कलखाली ९५च्या आसपास न्यावं लागतं. कॅटलॉगातला आकडा कोणत्या भाराचा आहे ते आधी बघा.

— 'हीट सेटिंग'ला 'आकार बसवणे' म्हणा. तार साच्यात घट्ट आवळून ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहाएक मिनिटं, मग लगेच पाण्यात. साचा सैल असला तर आकार अर्धवट बसतो. 'ट्रेनिंग' वेगळं: भाराखाली वारंवार तापवून गार करणं. दोन्हींना 'शिकवणे' म्हणू नका, घोळ होतो.

— 'सुपरइलास्टिक'ला मात्र 'अतिस्थितिस्थापक' योग्यच. दात सरळ करायची तार, चष्म्याची दांडी: तिथे तापवणं नाही, भार काढला की काम झालं.

— 'क्रिंप' तसाच ठेवा, पण 'डाग देणे' लिहू नका. पृष्ठभागावरच्या टायटॅनियम ऑक्साइडमुळे साधं सोल्डर धरतच नाही, टोकं दाबूनच बसवतात.