मदत हवी आहे : सात वर्षांच्या मुलाची पोटदुखी मुतखड्याची असू शकते का?

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असून गेल्या तीन आठवड्यांत त्याचे पोट चार वेळा अचानक दुखले. कुठे दुखते असे विचारले की तो बेंबीभोवती हात फिरवतो. कंबर किंवा कूस एकदाही दाखवली नाही. त्यामुळे आधी जंत, मग शाळेत न जाण्याची सबब, असेच आम्ही धरून चाललो, आणि सासूबाईंनी ओवा-गूळही देऊन पाहिला. परवा मात्र दुखता दुखता त्याला दोन उलट्या झाल्या आणि पांढऱ्या चड्डीवर फिकट गुलाबी डाग दिसला. बीट खाल्लेले नव्हते.

लहान मुलांमध्ये मुतखड्याचे दुखणे मोठ्यांसारखे पाठीतून जांघेकडे न जाता नुसते पोटात जाणवू शकते, हे मला तेव्हा कळले. ताप किंवा थंडी नाही; दुखण्यासोबत ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे, हे ठाऊक आहे. उद्या बालरोगतज्ज्ञांकडे लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी ठरली आहे. किरणोत्सर्ग नसल्याने मुलांसाठी आधी सोनोग्राफीच करतात, असे त्यांनी सांगितले.

ज्यांच्या मुलांना मुतखडा झाला होता, त्यांना पहिले कोणते लक्षण दिसले? शाळेची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते, त्यावर काय उपाय केलात? नाशिकमध्ये लहान मुलांचे मूत्रविकार पाहणारे तज्ज्ञ कुणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.