झुकिनीच्या कार्बोनारात क्रीम नको
पास्त्याऐवजी झुकिनीच्या (काकडीसारखी दिसणारी भाजी) पट्ट्या घातल्या तर कार्बोनाराचा (अंडी-चीजच्या सॉसमधला रोमचा पास्ता) सॉस पाणचट झाला, असं कोणीतरी लिहिलंय आणि त्यावर क्रीम घालायचा सल्ला आलाय. क्रीम नका घालू, प्लीज. रोममधल्या कार्बोनारात ते नसतंच. अंडी, पेकोरिनो चीज, ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस) आणि भरपूर मिरी, बस्स. सॉस मिळून यायला पास्ता उकडलेल्या पाण्यातला स्टार्च मदत करतो. झुकिनीत तो जवळपास नसतो, उलट ९० टक्क्यांहून जास्त पाणीच.

म्हणून आधी पाणी काढायचं. बियांचा मऊ गाभा सोडून कडेच्याच पट्ट्या घ्या, मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, धुवा आणि फडक्यात घट्ट पिळा. मग मोठ्या, चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये दोनेक मिनिटं परता, झाकण न ठेवता. दोघांसाठी तीन पिवळे बलक आणि मूठभर किसलेलं चीज पुरतं. गॅस बंद करून पॅन जरा निवल्यावरच ते मिसळा, नाहीतर भुर्जी होते. वरून मीठ नको, पेकोरिनो खारट असतं.

कर्बोदकं कमी करायला झुकिनी घेत असाल, तरी मला तर थोडा पास्ता ठेवलेलाच आवडतो. १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. माणशी ३० ग्रॅम स्पॅगेटी घेतली तर २२-२३ ग्रॅमच होतात. ती कमी पाण्यात उकडा, म्हणजे ते दाट पाणी चमचा-दोन चमचे सॉसला मिळतं. तूपकटपणा नको असेल तर ग्वांचाले परतताना सुटलेली चरबी थोडी काढून ठेवा.